कापडाच्या गावात घरचा लेंगा: उन्हाळ्यातल्या नोंदी

२३ मार्च

रात्री दोन वाजता उठून लिहितोय. लाईट गेलीय, कूलर बंद, आणि अंगात जी ट्रॅकपँट आहे ती मांडीला अशी चिकटलीय की सोलून काढावी लागली. मार्च संपला नाही अजून. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो हे काय नवीन नाही, पण मी गेली पाच-सहा वर्षं दर उन्हाळ्यात पॉलिस्टरच्या ट्रॅकपँटमध्ये झोपतोय आणि दर उन्हाळ्यात कमरेला घामोळं उठतंय, हे आज अंधारात बसल्याबसल्या लक्षात आलं. राहतो कुठं तर साखर पेठेत. मागच्या गल्लीत पॉवरलूम खडखडतायत, आख्खं गाव चादरी, टॉवेल, शाळेचे युनिफॉर्म बनवून देशभर पाठवतंय, आणि मी प्लास्टिक घालून झोपतोय. लाज वाटली खरंच.

आईचं पायमशीन माळ्याखाली झाकून पडलंय. ती आधी युनिफॉर्मच्या चड्ड्या शिवायची, पीसवर, कारखान्यातून बेतलेले गठ्ठे घरी यायचे. मी लहानपणी बॉबिन भरून द्यायचो, त्यापलीकडे काही येत नाही. तरी ठरवलं, यंदा झोपायचा लेंगा स्वतः शिवायचा. काय काय केलं ते इथं लिहीत जाईन म्हणजे पुढच्या वर्षी परत तेच गाढवपण नको.

२५ मार्च

मशीन बाहेर काढलं. चामड्याचा पट्टा सुकून काटकी झालेला, नवीन बसवला. तेल घातलं, सगळ्या भोकांत दोन-दोन थेंब, आणि फडक्याच्या चिंधीवर शिवत राहिलो काळं तेल बाहेर येईस्तोवर. आई दारात उभी राहून बघत होती. "काय करायलास?" म्हणाली. म्हणलं लेंगा शिवणार. ती हसली नाही, त्यानंच जास्त टेन्शन आलं. फक्त एवढंच म्हणाली की शटलखालची धूळ काढ आधी, आतमध्ये वीस वर्षांचा कापूस असेल. होता. नखाएवढा गोळा निघाला, खाकी आणि निळा, म्हणजे चड्ड्यांचाच.

२९ मार्च

चाटी गल्ली. मधल्या मारुतीपासून आत शिरलं की दोन्ही बाजूला कापडाची दुकानं, आणि चाटी म्हणजेच कापडवाला, त्यामुळं गल्लीच्या नावावर शंका घ्यायला जागा नाही. सकाळी साडेदहालाच ऊन डोक्यात जात होतं.

दुकानदाराला सांगितलं, झोपायच्या लेंग्याला एकदम पातळ सुती पायजे. त्यानं चार ठाण काढले. आता हे लिहून ठेवतो कारण पुढच्या वेळी विसरणार:

मलमल, हातात घेतली की काही घेतल्यासारखंच वाटत नाही, खाली धरलेला हात दिसतो. व्हॉइल, मलमलीसारखंच पातळ पण धाग्याला पीळ जास्त म्हणून जरा करकरीत, साडीच्या ब्लाऊजच्या अस्तराला बायका नेतात ते. कॅम्ब्रिक, जरा भरीव, घट्ट विणलेलं, गुळगुळीत, कुर्त्याला चालतं. आणि पॉपलिन, जे शर्टाचं असतं, ते मी लगेच बाजूला केलं.

तो म्हणाला कॅम्ब्रिक घ्या, इचलकरंजीचं आहे, टिकेल. मी कशाला ऐकतोय, मला पातळ पायजे होतं, जितकं पातळ तितकं थंड असं डोक्यात बसलेलं. पांढरी मलमल अडीच मीटर घेतली, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी ४४ इंच. मग परत निघताना काय वाटलं कुणास ठाऊक, कॅम्ब्रिकपण अडीच मीटर घेतलं, फिकट राखाडी. सगळे मिळून साडेपाचशेच्या आत झालं.

एक गोष्ट दुकानातच शिकलो. कापड शुद्ध सुती आहे का बघायला त्यानं काठाचे दोन धागे ओढून काडीपेटीनं पेटवले. सुती धागा कागदासारखा जळला आणि राख चिमटीत भुगा झाली. मग त्यानं माझ्याच शर्टाचा लोंबणारा एक धागा तोडून पेटवला, तो वितळून काळा मणी झाला, कडक. "साहेब हे घालून फिरताय उन्हात," म्हणाला. काय बोलणार.

३१ मार्च

कापड भिजवायचं होतं, पाणी आलं नाही. पाणी रोज येत नाही आमच्याकडं, चार-पाच दिवसाआड येतं, आणि टाकीतलं पाणी कापड भिजवायला वापरलं असतं तर घरातून मलाच बाहेर काढलं असतं. बुधवारपर्यंत थांबा.

२ एप्रिल

पाणी आलं, पहाटे साडेचारला. बादलीत दोन्ही कापडं बुडवली.

त्याआधी एक प्रयोग केला, ह्याचा मला अभिमान आहे. कॅम्ब्रिकच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ५० सेंटीमीटरचा चौकोन आखला. मग कोमट पाण्यात रात्रीपर्यंत ठेवून, पिळून, गच्चीवर वाळवून, इस्त्री करून परत मोजला. लांबीत ४८ भरला, रुंदीत साडेएकोणपन्नास. म्हणजे लांबीत चार टक्के आटलं. ३९ इंची लेंग्याला चार टक्के म्हणजे दीड इंच! न भिजवता शिवला असता तर पहिल्या धुण्यात घोट्याच्या वर गेला असता. कारण आई सांगते तसं, मागावर ताण्याचे म्हणजे उभे धागे खेचून धरलेले असतात, त्यांना खळ लावलेली असते, पाणी लागलं की खळ जाते आणि धागा आपल्या मूळ मापावर परत येतो. म्हणून लांबीतच जास्त आटतं.

बादलीचं पाणी पांढुरकं झालं होतं. तीच ती खळ. ती गेल्यावर मलमल अशी मऊ झाली की दोन नंबरच्या पोरानं डोक्याला गुंडाळून फेटा केला.

५ एप्रिल

बेतायचं काम. इथं मी माझी अक्कल लावली. मापं घ्यायचा कंटाळा आला म्हणून सरळ जुनी ट्रॅकपँट मधोमध घडी घालून मलमलीवर ठेवली आणि तिच्या कडेनं खडूनं आखत गेलो, बाजूला अर्धा इंच शिलाईला सोडून. नेफ्याला, म्हणजे नाडी ओवायच्या पट्टीला, वर दोन इंच, खाली मोहरीला, म्हणजे पायाच्या तोंडाला, दीड इंच. आई देवळात गेलेली. आली तोपर्यंत कापून झालेलं. तिनं तुकडा उचलला, आडवा धरला, उभा धरला आणि "आसन एवढंच?" एवढंच विचारलं. आसन म्हणजे कमरेपासून दोन्ही पाय मिळतात तिथपर्यंतचा भाग. म्हणलं माझ्याच पँटवरनं घेतलंय, बरोबर बसते ती. "बरं" म्हणाली.

आईचं "बरं" ऐकून माणसानं थांबायला पायजे होतं.

६ एप्रिल

शिवलं. शिवलं म्हणजे काय, सकाळी आठला बसलो ते दुपारी तीनला उठलो, मधे फक्त भाकरी आणि शेंगाचटणी.

मलमल शिवणं म्हणजे कोळ्याच्या जाळ्यावर टीप मारणं. पहिल्याच टाक्याला कापड सुईच्या भोकातून खाली ओढलं गेलं आणि आत दोऱ्याचा गुंता. मशीनमध्ये १६ नंबरची सुई होती, चड्ड्यांची, ती काढून ११ नंबर लावली. ती लावताना सपाट बाजू चुकीच्या दिशेला बसली तर टाकेच पडेनात, अर्धा तास मशीनला शिव्या घातल्या. वरचं टेन्शन सैल केलं, टाका बारीक केला. तरी सुरुवातीला कापड भोकात जातच होतं. मग आईनं कालच्या पेपरची पट्टी फाडून दिली, ती कापडाखाली ठेवून शिवायचं आणि झाल्यावर कागद ओढून फाडून टाकायचा. एकदम लोण्यासारखं चाललं. राजकारणाचं पान वापरलं, एरवी त्याचा काय उपयोग होता.

आतल्या कडा उघड्या ठेवल्या तर मलमल धाग्याधाग्यानं सुटते, आणि इंटरलॉक मारून आणलं तर तो दोरा मांडीला टोचतो. म्हणून दोनदा टीप मारायची पद्धत: आधी कापडाची उलटी बाजू उलट्याला लावून कडेला बारीक टीप, मग कडा कात्रीनं साफ करून कापड पलटायचं आणि आतून दुसरी टीप, म्हणजे कच्ची कड त्या नळीत बंद होते. वेळ दुप्पट जातो पण आत हात घातला तर कुठं काही लागत नाही. झोपायच्या कपड्याला हे केलंच पायजे, दिवसभराचं चालून जातं पण रात्री कूस बदलताना एकेक शिलाई कळते.

७ एप्रिल

रात्र पहिली. अंगावर काही नाही असं वाटलं. लाईट गेली तरी उठलो नाही.

१० एप्रिल

फाटला.

बिछान्यावर मांडी घालून बसत होतो, टर्र असा आवाज, आणि आसनाच्या शिलाईला लागून, शिलाई नाही, शिलाईच्या शेजारचं कापड चार इंच उसवून गेलं. दोरा शाबूत, कापड गेलं. बायको म्हणाली बरं झालं घरात फाटला, काल पोरगं हाच घालून तुम्ही दूध आणायला जाताय का बघत होतं.

१३ एप्रिल

रविवार. आज आईकडे रीतसर शिकवणी लावली. आधी म्हणलं आई तू त्या दिवशीच का नाही सांगितलंस, तर म्हणे "सांगून कळतंय का कुणाला, शिवून कळतं."

झालं काय होतं ते असं. ट्रॅकपँटचं कापड होजिअरीचं, ते विणकामासारखं फासाफासांचं असतं, सगळीकडून ताणतं. बसलं की पँट तीन-चार इंच ताणून घेते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मागावरचं कापड ताणा-बाण्याचं, ते उभ्यात ताणत नाही, आडव्यात ताणत नाही, फक्त तिरपं जरासं ताणतं. त्याच मापाचं कापलं की बसल्यावर सगळा भार आसनाच्या एका जागेवर येतो. मलमल तर मलमल, पण पॉपलिन असतं तरी फाटलंच असतं, दोन आठवड्यांनी फाटलं असतं एवढंच. म्हणजे चूक पातळ कापडाची नव्हती, किंवा निम्मीच होती. बेत चुकला होता.

मग तिनं ट्रंकेतून आजोबांचा लेंगा काढला. आईचे वडील जुन्या मिलमध्ये होते, १८७७ सालची ती मिल, तिचा भोंगा झाला की गावातले लोक घड्याळ लावायचे म्हणतात. ते सोलापूर आता गेलं. लेंगा मात्र आहे, पिवळा पडलेला, गुडघ्याला ठिगळ, पण आसन? एक टाका उसवलेला नाही. आणि तो उघडून जमिनीवर पसरल्यावर मला पहिल्यांदा कळलं की लेंगा नेमका काय असतो. माझ्या डोक्यात पँट होती. हा पँटचा सैल भाऊ नाही, वेगळीच वस्तू आहे. बाहेरच्या बाजूला शिलाईच नाही, एक पाय म्हणजे एकच सलग तुकडा. दोन्ही पाय जिथं मिळतात तिथं एक चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला, चौकटच्या पत्त्यासारखा. आई त्याला मियानी म्हणते. तो तुकडा तिरपा असतो म्हणून बसताना तो ताणतो, आणि चार शिलाया एका टोकावर न येता चार टोकांवर विभागल्या जातात. फाटायला जागाच ठेवली नाही. ज्या कुणी हे पहिल्यांदा डोक्यातून काढलं तो मांडी घालून बसणारा माणूस होता हे नक्की, खुर्चीवर बसणाऱ्याला हे सुचणार नाही.

मी टेप घेऊन अर्धा तास तो लेंगा मोजत होतो. आई मधेच म्हणाली "दादा उंचीला तुझ्याएवढेच होते", आणि आत निघून गेली.

१९ एप्रिल

नवीन बेत, कॅम्ब्रिकवर.

मापं: उंची ३९, सीट म्हणजे बैठकीचा घेर ४०. आसनाची खोली अशी मोजली की लाकडी स्टुलावर ताठ बसायचं आणि कमरेपासून स्टुलापर्यंत बाजूनं टेप धरायचा, माझं साडेदहा आलं. त्यात दोन इंच सोडले, साडेबारा. ट्रॅकपँटवरनं घेतलेलं साडेनऊ होतं, म्हणजे तीन इंचाचा फरक! आता फाटणार नाही तर काय.

सीटला ट्रॅकपँटमध्ये तीन इंच सैल होतं. आता दहा इंच सैल धरलं. एका पायाला आसनापाशी ३० इंच रुंदी, खाली मोहरीला २०. ४४ च्या पन्ह्यात एक पाय बसून बाजूला १३ इंचाची पट्टी उरते, त्यातूनच मियानीचे पाच-पाच इंचाचे तुकडे, नाडी आणि एक खिसा. लांबीचा हिशोब: ३९ अधिक नेफा दोन अधिक मोहरी दीड, साडेबेचाळीस. दोन पायांना ८५ इंच, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आत. आटायचं धरून अडीच मीटर बरोब्बर. ३६ च्या पन्ह्यातसुद्धा पाय बसेल, शिलाईचा इंचभर धरून ३१, फक्त पट्टी बारकी उरेल.

एवढी घेराची मोहरी बघून बायको म्हणाली तंबू शिवायलाय का. तंबूच पायजे मला. हवा खालून शिरून वर जायला वाट पायजे, कापड अंगाला टेकलंच नाही पायजे, मग ते कॅम्ब्रिक का मलमल ह्यानं फार फरक पडत नाही असं मला आता वाटायला लागलंय. शिवून बघू.

२० एप्रिल

मियानी बसवली, तिसऱ्या प्रयत्नात.

युक्ती कोपऱ्यात आहे. टीप कापडाच्या शेवटपर्यंत न्यायची नाही, जिथं शिलाईच्या दोन रेषा मिळतात तिथं थांबायचं, अर्धा इंच अलीकडे. सुई खालीच रुतलेली ठेवायची, दाबपट्टी उचलायची, कापड फिरवायचं, मग पुढची बाजू. मी दोनदा शेवटपर्यंत नेली आणि कोपऱ्यात चुणी आली, उसवलं, परत. उसवायला ब्लेड वापरू नका, मी वापरलं आणि मियानीलाच चीर दिली, दुसरा तुकडा कापावा लागला. चारी कोपऱ्यांवर आधी पेन्सिलीनं ठिपके काढून घेतले तेव्हा जमलं.

नेफा सव्वा इंचाचा. इलॅस्टिक घालायचं नाही हे आधीपासून पक्कं होतं, घामोळं नेमकं त्याच्याच रेषेत येतं, पट्टा मारल्यासारखं. इलॅस्टिक रात्रभर एकाच जागी आवळून धरतं आणि खालचा घाम तिथंच कोंडतो. नाडी माणूस झोपताना सैल करतो. त्याच कापडाची सव्वा इंची पट्टी घडी घालून शिवली, सुती नाडी निसटत नाही, बाजारातली सिल्कसारखी गुळगुळीत नाडी रात्रीतून सुटते आणि सकाळी दूधवाल्यापुढं फजिती. नाडी बाहेर काढायला काज करायची गरज नाही, पुढच्या शिलाईत नेफ्यापाशी दीड इंच न शिवता सोडायचं आणि दोन्ही टोकांना चार-पाच टाके पक्के मारायचे.

नाडी ओवताना सेफ्टी पिन आतच उघडली. मजकूर गाळतो.

२६ एप्रिल

सहा रात्री झाल्या. दोन रात्री गच्चीवर, बाकी खाली कूलरसमोर.

आता प्रामाणिकपणे. पहिला मलमलीचा लेंगा, ज्या तीन रात्री जगला, तेव्हा अंगाला जास्त मऊ होता. पण तो अंगाला चिकटायचा, घाम आला की मलमल ओली होऊन मांडीवर पसरायची. कॅम्ब्रिकचा हा लेंगा जाड असून थंड वाटतो कारण तो अंगापासून सुटलेला राहतो. म्हणजे मी मार्चमध्ये जे धरून बसलो होतो की पातळ म्हणजे थंड, ते अर्धवट होतं. आधी घेर, मग कापड. सोलापूरची हवा कोरडी आहे, इथं घाम उडून जायला तयारच बसलेला असतो, त्याला फक्त वारा लागला पायजे. म्हणून तर आपल्याकडे वाळ्याचा कूलर चालतो आणि मुंबईतल्या मेव्हण्याकडे चालत नाही. तिथं दमट हवेत हाच लेंगा कसा वागेल ते त्यालाच एक शिवून देऊन विचारावं लागेल.

काल रात्री गच्चीवर अजून एक गंमत केली. मलमलीचा तुकडा, कॅम्ब्रिकचा तुकडा आणि ट्रॅकपँटचा कापलेला पाय, तिन्ही सारख्या आकाराचे, ओले करून पिळून दोरीवर टाकले. मला वाटलेलं ट्रॅकपँट हरणार. तर ती सगळ्यात आधी वाळली! मग बसलो विचार करत. पॉलिस्टर पाणी पीतच नाही, सुती धागा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास हवेतला ओलावा नुसता बसल्याबसल्या धरून ठेवतो आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून दोरीवर ते जिंकतं. पण दोरीला घाम येत नाही. अंगावरचा घाम सुती कापड उचलून घेतं आणि बाहेरच्या बाजूनं सोडत राहतं, हे कापड उचलतच नाही, घाम कातडीवरच राहतो, म्हणून चिकचिक.

कमरेचं घामोळं बसलं. लाल रेषा होती ती फिकी झाली. ह्याला मी पुरावा मानतो.

शेजारच्या अक्का, ज्यांचे दोन माग आहेत टॉवेलचे, त्या गच्चीवर वाळवण उचलायला आल्या आणि दोरीवर तीन चिंध्या आणि त्यांच्यासमोर मोबाईलमधलं घड्याळ लावून बसलेला मी. काही बोलल्या नाहीत. सकाळी आईला विचारलं म्हणे, बरं आहे ना सगळं.

३ मे

डोकं जाग्यावर नाही. लिहितो आणि झोपतो.

बायकोला लेंगा पायजे झाला, तंबू म्हणणारीलाच. तिच्यासाठी छापील कॅम्ब्रिक आणलं, निळी पानं पांढऱ्यावर. भिजवलं, चौकोन आखून आटणं मोजलं, ह्याचं तीनच टक्के. सगळं व्यवस्थित. आखलं, कापलं. शिवायला दोन्ही पाय समोरासमोर धरले तर दोन्ही डावे.

राखाडी कापडाला सुलटं-उलटं सारखंच होतं म्हणून तिथं हे कळलंच नाही, एक पाय मी नकळत उलटा लावला असणार. छापील कापडाची एकच बाजू चांगली. एकावर एक घडी घालून कापलं असतं तर आपोआप एक डावा एक उजवा निघाला असता, मी शहाणपणानं कापड वाचवायला एकामागे एक कापले, कागदाचा नमुना न पलटता. पुढची बाजू आणि मागची बाजू आसनाला वेगळी असते, मागं उंच पुढं खोलगट, त्यामुळं फिरवूनही उपयोग नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली तिनं पहिल्या आठवड्यात दीड डझन चड्ड्या अशा शिवल्या होत्या, आणि त्याचे पैसे कापले गेले होते. हे तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं.

४ मे

वाचवला. एक चुकीचा पाय घडी घालून त्यातून धाकट्याचा अख्खा लेंगा निघाला, मियानीसकट, चिमुकली तीन इंची मियानी. मोठ्या पायाच्या ३० इंची रुंदीत पोराचे दोन पाय आरामात बसले. बायकोला उजवा पाय कापायला सव्वा मीटर कापड परत आणलं, त्याच ठाणातलं मिळालं हे नशीब. आता कागदी नमुन्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: एका बाजूला "डावा", पलटल्यावर "उजवा", आणि बाणानं उभ्या धाग्याची दिशा.

आईच्या हातानं सहा मिनिटांत एक बाजूची टीप झाली. मी मोजली. मला तेवढ्याला पंचवीस लागतात. तिचे पाय मशीनवर बसले की बघायला पायजे, गुडघ्याचं दुखणं विसरून जाते, फक्त टाच-चवडा, टाच-चवडा.

११ मे

धुण्याचा हिशोब. राखाडी लेंगा आठ वेळा धुतला. माप परत घेतलं, उंचीत पाव इंच गेला, तेवढं चालतं. आमच्याकडं बोअरचं पाणी वापरलं की कापड कडक होतं, साबणाचा फेस होत नाही आणि पांढरट थर राहतो, म्हणून हे लेंगे नळाचं पाणी येतं त्या दिवशीच धुवायचे असा आता घरात नियम निघालाय. सावलीत वाळवायचे. दुपारच्या उन्हात टाकले तर वीस मिनिटांत वाळतात पण पापडासारखे होतात.

एकच तक्रार: खिसा. मी खिसा बाजूला मोबाईलच्या मापाचा केला, आणि मोबाईल टाकला की एवढा सैल लेंगा त्या बाजूला खाली ओढला जातो, नाडी कितीही बांधा. झोपायच्या लेंग्याला खिसा कशाला पायजे होता, तेही मलाच विचारा. उसवून टाकला. तिथं आता पेन्सिलीच्या रेषा दिसतात, त्या जात नाहीत.

१८ मे

लग्नसराई, तीन रविवारांतला एकही हाताशी नाही. फाटका मलमलीचा लेंगा मात्र कामाला लागला: आईनं तो कापून त्याची तिरपी पट्टी काढली, आणि उरलेल्याचे दोन रुमाल, एक दही बांधायचं फडकं. चक्क्याला ह्याच्यासारखं कापड नाही म्हणे. अडीच मीटरातलं काही वाया गेलं नाही, फक्त लेंगा झाला नाही.

अक्का परवा दारात आल्या. हातात टॉवेलाचं कापड नाही, चांगलं पांढरं कॅम्ब्रिक, तीन मीटर. त्यांच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, मागावर उभं राहून आठ-आठ तास काम, शेडवर पत्रा, आत पंखासुद्धा धाग्याला लागू नये म्हणून बेतानं लावायचा. "ते चिंध्या वाळवत होता ना," म्हणाल्या, "त्यातला जो जिंकला तसला शिवून द्या." म्हणलं अक्का, जिंकला तो पॉलिस्टरचा होता. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढं समजावून सांगितलं नाही, कापड ठेवून घेतलं.

५ जून

काल संध्याकाळी पाऊस झाला, धुळीचा वास, मग गारा, मग बास. रात्री पहिल्यांदा पांघरूण लागलं. चादर काढली, आमचीच, सोलापुरी, दोन किलोची असेल.

अक्कांच्या मालकांचं माप घ्यायला शेडवर गेलो होतो सकाळी. मागाचा आवाज एवढा की मापं ओरडून सांगावी लागली, ते स्टुलावर बसले, मी टेप धरला, आसन साडेअकरा. सीट ४४, म्हणजे पन्ह्यात पाय बसेल पण नाडीला जोड द्यावा लागेल. कापड काल रात्रीच बादलीत टाकलंय. आता नळाला पाणी यायच्या आत ते पिळून बादली रिकामी करायची आहे.